फोनवर मेल दिसते, ऑफिसच्या थंडरबर्डमध्ये दिसत नाही; वर मराठी मेलचं पोर्तुगीज होतंय

घुमट · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळच्या एका देवस्थानच्या कमिटीत यंदा सचिवपद माझ्या गळ्यात पडलं, आणि सचिवपदाबरोबर ऑफिसातला कॉम्प्युटरही. विंडोज १०, त्यावर मेल वाचायचा प्रोग्रॅम थंडरबर्ड १२८. कमिटीचा एकच मेल पत्ता आहे. तो ऑफिसात, माझ्या फोनवर आणि खजिनदारांच्या फोनवर असा तीन ठिकाणी लावलेला आहे.

दुखणी तीन आहेत.

पहिलं: फोनवर इनबॉक्स भरलेला दिसतो, ऑफिसात मात्र चारपाचच मेल. कधी कधी एकही नाही. 'गेट मेसेजेस' दाबलं की खाली येतं, सर्व्हरवर नवीन मेल नाही. अरे, पण सकाळी मी स्वतः फोनवर वाचली ती मेल गेली कुठे?

दुसरं: अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेच्या, खोल्यांसाठी येणाऱ्या मेल आपोआप 'अग्रशाळा' नावाच्या फोल्डरात जातात, आधीच्या सचिवांनी तशी सोय मेलवाल्याकडे करून ठेवलीय. त्या फोल्डरवर ऑफिसात आकडा चढतच नाही. आम्ही समजतो काही आलं नाही. गेल्या महिन्यात एकच खोली दोन कुटुंबांना दिली गेली. मुंबईचे महाजन, म्हणजे देवस्थानचे सभासद, रात्री दहाला बॅगा घेऊन दारात आणि आत कारवारचे जेवायला बसलेले. शेवटी एकांना आमच्या घरी नेऊन झोपवलं. आता नवरात्रातला मखरोत्सव तोंडावर आलाय, तेव्हा पुन्हा असं झालं तर मला गाव सोडावा लागेल.

तिसरं: काही मेल उघडल्या की मराठीच्या जागी भलतंच काहीतरी. डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी 'ए' पन्नास वेळा, आणि मधे मधे पाऊण, पाऊण, पाऊण. म्हणजे तीन-छेद-चारचं चिन्ह. आमच्या क्लार्कला वाटलं कोणीतरी पोर्तुगीजमधून लिहिलंय. त्याने प्रिंट काढून कमिटीच्या मुखत्यारांपुढे ठेवली. ते ऐंशीच्या पुढचे, शाळेत पोर्तुगीज शिकलेले. चष्मा पुसून पुसून पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर त्यांचंच आहे, पण शब्द एकही ओळखीचा नाही."

थंडरबर्ड दोनदा काढून पुन्हा टाकलं. काडीचा फरक नाही.

तांबडी_भाजी · सोमवार, रात्री १०:०५

ब्राउझरमध्ये उघडून वाचा की. २०२५ साली असला प्रोग्रॅम कोण वापरतं?

घुमट · सोमवार, रात्री १०:१२

पावसात आमच्याकडे नेट दिवसाआड जातं. आणि मुखत्यार दहा वर्षांपूर्वीचं पत्र मागतात तेव्हा ते मशीनवर असलेलं बरं. प्रोग्रॅम चांगला आहे हो, मलाच जमत नाहीये.

चोडणफेरी · सोमवार, रात्री ११:३०

घुमटराव, काढून टाकून पुन्हा घालण्याचा उपयोग होणार नव्हता. थंडरबर्ड काढलं तरी तुमची मेल, खाती, सेटिंग्ज 'प्रोफाइल' नावाच्या वेगळ्या फोल्डरात तशीच राहतात. नवीन घातलेला प्रोग्रॅम येऊन तेच प्रोफाइल उघडतो. घराला रंग दिला, भिंतीतली ओल तिथेच.

आधी तीन गोष्टी बघून सांगा.

एक, अकाउंट सेटिंग्जमध्ये 'सर्व्हर सेटिंग्ज' उघडा. सगळ्यात वर आयमॅप लिहिलंय की पॉप? पोर्ट ९९३ असेल तर आयमॅप, ९९५ असेल तर पॉप. पॉप असेल तर गोष्टच वेगळी, कारण पॉप मेल सर्व्हरवरून उचलून आणतं. कोणी काय वाचलं, कुठल्या फोल्डरात टाकलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आयमॅप म्हणजे सगळ्यांनी एकाच कपाटात डोकावणं.

दोन, ब्राउझरमधून मेलवाल्याच्या साइटवर जा. तिथे इनबॉक्समध्ये सगळ्या मेल आहेत का? हे सर्वात महत्त्वाचं. तिथे असतील तर हरवलेलं काही नाही, फक्त दिसत नाही.

तीन, ऑफिसच्या थंडरबर्डमध्ये इनबॉक्सवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज'. तिथे मेलची एकूण संख्या लिहिलेली असते. ती किती?

आणि खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ऑफलाइनचं चिन्ह असतं, तेही बघा. चुकून त्यावर क्लिक होतं आणि माणूस दोन दिवस राउटरला शिव्या देत बसतो. हे मी अनुभवाने सांगतोय.

कोकमसोलां · मंगळवार, सकाळी ७:५०

इतकं कशाला? खातं डिलीट करा, पुन्हा जोडा. सगळं नव्याने उतरेल. मी नेहमी तेच करतो.

चोडणफेरी · मंगळवार, सकाळी ८:१५

कृपा करून लगेच नको. समजा पॉप निघालं, तर जुनी मेल फक्त त्या मशीनवरच असू शकते. खातं काढताना एक खूण असते, मेलचा डेटाही पुसायचा का म्हणून. ती घाईत टिकली की दहा वर्षांचा पत्रव्यवहार गेला. आयमॅप असलं तरी त्या खात्याचे फिल्टर जातात आणि सगळं पहिल्यापासून उतरवावं लागतं. जीमेलसारखे लोक आयमॅपवरून दिवसाला २,५०० एमबीपर्यंतच उतरवू देतात. मखरोत्सवाच्या आठवड्यात कोणी हा खेळ करू नये.

खातं काढायचंच झालं तर आधी थंडरबर्ड बंद करून प्रोफाइलचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. हेल्प मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन' आहे, तिथून ते फोल्डर उघडतं.

घुमट · मंगळवार, दुपारी १:२०

दुपारच्या आरतीनंतर बसलो. आयमॅप, ९९३. ऑफलाइन नाही. ब्राउझरमध्ये सगळ्या मेल आहेत. आणि गंमत म्हणजे इनबॉक्सच्या प्रॉपर्टीजमध्ये आकडा ६,२१४ दाखवतोय, समोर यादीत मात्र तीन मेल!

चोडणफेरी · मंगळवार, दुपारी १:४५

मग सुटलात. म्हणजे सिंक होतंय. ६,२११ मेल मशीनवर पोचल्यात, पण पडद्यामागे उभ्या आहेत. तुमची तक्रार 'मेल येत नाही' अशी होती, खरी तक्रार 'मेल दाखवत नाही' ही आहे. हे दोन आजार वेगळे.

संध्याकाळी एक प्रयोग करा. स्वतःलाच दोन मेल पाठवा. एक फोनवर उघडून वाचा, दुसरीला हात लावू नका. मग ऑफिसात बघा कुठली दिसते. खजिनदारांनाही सांगा, दहा मिनिटं फोन खिशात ठेवायला.

जुना_टायपिस्ट · मंगळवार, दुपारी ३:१०

ते 'पोर्तुगीज' माझ्यावर सोडा. या पाऊण-पाऊणवर मी केस पांढरे केलेत.

युनिकोडमधलं मराठी यूटीएफ-८ पद्धतीने पाठवलं जातं तेव्हा देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि त्यातला पहिला बाइट कायम तोच. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला कोणी सांगितलं की हा मजकूर पश्चिम युरोपच्या जुन्या कोष्टकातला आहे, तर तो तीन बाइटांचं एक अक्षर न करता प्रत्येक बाइटचं वेगळं अक्षर छापतो. तो कायमचा पहिला बाइट म्हणजे त्या कोष्टकात तिरप्या रेघेचा 'ए'. म्हणून दर तिसऱ्या जागी तो येतो. मुखत्यारांची नजर पक्की आहे, ते अक्षर पोर्तुगीजमध्ये खरंच असतं.

आणि पाऊण म्हणजे आपला काना! कान्याचा शेवटचा बाइट त्या कोष्टकात तीन-छेद-चार होतो. मराठीत काना किती येतो बघा, म्हणून पानभर पाऊण. ऱ्हस्व वेलांटीचं उलटं प्रश्नचिन्ह होतं, 'र' चं तापमानाचं डिग्रीचं चिन्ह. 'गोवा' लिहिलं तर ग, ओकार, व, काना अशी चार चिन्हं, म्हणजे बारा अक्षरांची माळ, शेवटी पाऊण. मी आता ते सरळ वाचू शकतो, पण हे कौशल्य कोणाला सांगण्यासारखं नाही.

उपाय: ती मेल उघडी ठेवून ऑल्ट दाबा, वर मेनू येईल. 'व्ह्यू' मध्ये 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग'. अक्षरं जागेवर येतील. एकेका मेलला हे करावं लागतं, म्हणून मूळ शोधलेलं बरं. कंट्रोल+यू दाबून मेलचा कच्चा मजकूर उघडा आणि 'कॅरसेट' (charset) शब्द शोधा, मजकूर कुठल्या कोष्टकातला आहे ते सांगणारं लेबल. त्यापुढे काय लिहिलंय ते इथे सांगा. फोनवर ती मेल कशी दिसते?

पावसाळी_बेडूक · मंगळवार, दुपारी ३:३०

माझं पण थंडरबर्डच. मेलवर क्लिक केलं की खाली मजकूर यायचा, परवापासून तो भागच नाही. फक्त यादी. काय करू?

म्हादई · मंगळवार, दुपारी ३:४२

एफ८ दाबा. मांजर कीबोर्डवरून गेलं असणार.

पावसाळी_बेडूक · मंगळवार, दुपारी ३:४४

आलं! मांजर नाही, नातू.

म्हादई · मंगळवार, दुपारी ३:५८

घुमट, मला वाटतं तुमच्याकडे क्विक फिल्टर अडकलाय. यादीच्या वर एक पट्टी असते, 'अनरीड', 'स्टार्ड' वगैरे बटणांची. तिथे पिन मारलेली असेल तर फोल्डर बदललं तरी गाळणी तशीच राहते. कंट्रोल+शिफ्ट+के दाबून पट्टी उघडा आणि सगळी बटणं सोडा.

घुमट · मंगळवार, रात्री ८:५०

टायपिस्टकाका, साष्टांग दंडवत. रिपेअर केलं आणि त्या पानातून "सप्रेम नमस्कार, आम्ही चार माणसे येत आहोत" बाहेर आलं. फोनवरही या मेल पोर्तुगीजच आहेत. कंट्रोल+यू मध्ये कॅरसेटपुढे 'आयएसओ-८८५९-१' लिहिलंय. या सगळ्या मेल आमच्या वेबसाइटवरच्या फॉर्ममधून आलेल्या आहेत, माणसांनी थेट लिहिलेल्या मेल नीट दिसतात.

म्हादई, पट्टी उघडली, पण सगळी बटणं मोकळीच होती. पिनही नाही.

चोडणफेरी, तुमचा प्रयोग केला. फोनवर वाचलेली मेल ऑफिसात दिसली नाही. न वाचलेली दिसली! मग ती ऑफिसात वाचली, दुसऱ्या फोल्डरात जाऊन परत आलो, तर तीही गायब. अंगावर काटा आला.

चोडणफेरी · मंगळवार, रात्री ९:२०

म्हादईंचा नेम बरोबर होता, गाळणी मात्र दुसरी आहे. थंडरबर्डमध्ये 'फक्त न वाचलेलं दाखव' हे दोन ठिकाणांहून करता येतं. एक ती पट्टी. दुसरं जुनं, मेनूत दडलेलं. इनबॉक्सवर उभे राहा, ऑल्ट दाबा, 'व्ह्यू', मग 'थ्रेड्स'. तिथे 'ऑल' ऐवजी 'अनरीड' वर खूण असणार. ही निवड प्रत्येक फोल्डरसोबत साठवली जाते, म्हणून प्रोग्रॅम दोनदा काढूनही ती गेली नाही.

आयमॅपवर 'वाचली' ही खूण सर्व्हरवर लागते. तुम्ही किंवा खजिनदारांनी फोनवर मेल उघडली की पाठोपाठ ऑफिसच्या मशीनलाही कळतं, ही वाचलेली. आणि ऑफिसच्या मशीनला सांगून ठेवलंय की वाचलेलं दाखवू नकोस. तुम्ही जितक्या तत्परतेने फोनवर बघत होता तितका ऑफिसचा इनबॉक्स रिकामा होत होता.

घुमट · मंगळवार, रात्री ९:५५

आत्ता देवळात जाऊन आलो, सकाळपर्यंत दम निघेना. 'अनरीड' वरच खूण होती. 'ऑल' केलं आणि सहा हजार मेल धबधब्यासारख्या आल्या. क्लार्कला फोन केला. म्हणाला, "चवथीच्या आधी फार मेल झाल्या होत्या म्हणून फक्त नव्या दिसतील असं केलं होतं, मग विसरलो." विसरला! चवथीपासून मी मेलवाल्याला दोष देत हिंडतोय.

खजिनदारांना वाटत होतं की आपण काही वाचलं की कोणीतरी मुद्दाम पुसतं. कमिटीत दोन गट आहेत, पुढचं सांगत नाही.

आता अग्रशाळा. तिथे 'ऑल' वरच आहे, तरी आकडा चढत नाही. फोल्डरवर क्लिक केलं की मात्र एकदम नऊ मेल येतात.

चोडणफेरी · मंगळवार, रात्री १०:२५

हा दुसरा आजार, आणि हा खरोखर सिंकचा आहे. थंडरबर्ड दर दहा मिनिटांनी नवीन मेल बघतं तेव्हा ते मुळात इनबॉक्स बघतं. बाकीच्या फोल्डरांत सर्व्हरनेच परस्पर काही टाकलं तर तुम्ही तिथे जाईपर्यंत त्याला पत्ता नसतो. पोस्टमन पुढच्या दारात पत्र टाकतो, मागच्या दाराला कोणी जात नाही.

'अग्रशाळा' वर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', पहिल्याच पानावर एक चौकोन आहे: या खात्याची मेल आणताना हे फोल्डर नेहमी तपास, अशा अर्थाचा. त्यात टिक करा. अभिषेकाच्या मेलचं वेगळं फोल्डर असेल तर तिथेही.

पण उत्साहात चाळीस फोल्डरांना टिक मारू नका. थंडरबर्ड एका खात्यासाठी सर्व्हरशी एका वेळी पाच जोडण्या धरून ठेवतं, आणि मेलवालेही मर्यादा घालतात. जीमेलची एका खात्याला पंधरा आहे, त्यात फोनही आले. मर्यादा ओलांडली की कधी या मशीनवर, कधी त्या फोनवर मेल अडकते आणि कारण सापडत नाही.

कोकमसोलां · बुधवार, सकाळी ८:०५

बरं, खातं डिलीट करायचा सल्ला मी मागे घेतो. पण एक शंका. माझ्याकडे 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' मध्ये ३० दिवस लिहिलंय. त्यामुळे जुन्या मेल दिसत नाहीत असं असू शकतं ना?

चोडणफेरी · बुधवार, सकाळी ८:४०

नाही. त्या ३० दिवसांमुळे यादी कमी होत नाही. फक्त जुन्या मेलचा मजकूर मशीनवर साठवला जात नाही. क्लिक केलं की तेव्हा उतरतो. नेट गेलं असेल तर जुनी मेल उघडणार नाही, एवढंच. घुमटरावांना मात्र याचा उपयोग आहे: मुखत्यारांसाठी जुनं पत्र नेट नसताना हवं असेल तर तिथे सगळ्या मेल साठवायचा पर्याय ठेवा.

जुना_टायपिस्ट · बुधवार, सकाळी ९:१५

आता फॉर्मचं. तुमचा फॉर्म आत यूटीएफ-८ मजकूर पाठवतोय आणि माथ्यावर लेबल लावतोय आयएसओ-८८५९-१, म्हणजे तेच पश्चिम युरोपचं जुनं कोष्टक. बरणीत आमसुलं, चिठ्ठी साखरेची. थंडरबर्ड बिचारं चिठ्ठी वाचतं. वेबसाइट करणाऱ्याला सांगा, मेल पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये कॅरसेट यूटीएफ-८ कर. एका ओळीचं काम आहे.

जाता जाता आणखी एक. जुन्या सचिवांच्या काळच्या काही मेल रिपेअर करूनही इंग्रजी अक्षरांचा कचराच राहतील. त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या असणार, श्री-लिपी किंवा शिवाजी वगैरे. त्यांत मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. तिथे एन्कोडिंग बदलून काही होत नाही. कन्व्हर्टरमधून काढा किंवा तो फॉन्ट असलेलं जुनं मशीन शोधा.

तांबडी_भाजी · बुधवार, सकाळी ११:००

माझ्या थंडरबर्डमध्ये साध्या मजकुराच्या मराठी मेल मुंगीएवढ्या दिसतात. त्याला काही आहे का?

म्हादई · बुधवार, सकाळी ११:०४

असला प्रोग्रॅम कोण वापरतं म्हणणारे तुम्हीच ना?

तांबडी_भाजी · बुधवार, सकाळी ११:०६

ऑफिसात सक्तीने वापरतो.

म्हादई · बुधवार, सकाळी ११:२०

सेटिंग्ज, जनरल, तिथे फॉन्टच्या शेजारी 'अॅडव्हान्स्ड'. वरच्या यादीत 'लॅटिन' असेल ते बदलून 'देवनागरी' करा, प्रत्येक लिपीचे आकडे वेगळे असतात. बहुतेक लोक लॅटिनचा आकार वाढवून बसतात आणि मराठी तेवढंच राहतं. साधा मजकूर 'मोनोस्पेस'च्या आकाराने दिसतो, तो वाढवा. फॉन्ट निर्मला घ्या.

घुमट · शुक्रवार, रात्री १०:३०

उशीर झाला, मखराची तयारी चालू आहे.

अग्रशाळेला टिक केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं तर फोल्डर ठळक, बाजूला ४. क्लार्कने मला हाक मारून दाखवलं, जणू देवाने कौल दिला. वेबसाइट करणारा मुलगा म्हापशाचा, त्याने कॅरसेट बदलला. काल संध्याकाळी मी फॉर्ममधून स्वतःच खोली मागितली आणि मराठी सरळ आलं.

आता ते प्रिंट. आमच्याकडे कपाटात 'पोर्तुगीज' असं लिहिलेली जाडजूड फाइल आहे. आत १९३३ च्या देवस्थान रेग्युलेशनची प्रत, जुन्या जमिनींचे कागद, असलं सगळं. क्लार्कने गेल्या वर्षभरातल्या त्या पाऊण-पाऊणवाल्या मेल छापून इमानेइतबारे तारीखवार त्याच फाइलीत लावल्या होत्या. एकोणीस निघाल्या. मुखत्यार आणि मी काल बसून प्रत्येकीची मूळ मेल शोधली, रिपेअर केली, वाचली. सतरा जुन्या, त्यांना माफीचं पत्र गेलं. दोन यंदाच्या नवरात्रातल्या: एक बेळगावचे, सहा माणसं, एक डोंबिवलीचे. दोघांना फोन झाले. बेळगावकर म्हणाले, उत्तर नाही आलं तेव्हा समजलो खोली दिली असणार, तिकिटं काढलीयत.

खोली सात त्यांना दिली. देव बरें करूं सगळ्यांचं.